पैकाबाईची पानातली भाकर

पैकाबाईच्या हातची भाकर मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा ती कुणासाठी केलेली आहे हे मला ठाऊक नव्हतं. भूक लागली होती, मागितली, खाल्ली आणि आवडली.

चांद्याहून मूल गावापर्यंत बस आणि पुढे बैलांचं खाचर, असं करत मी नेमणुकीच्या गावी निघाले होते. हुद्दा मिडवाइफचा, गावाच्या तोंडी पुढे कायमची नरसबाई झाले. गाव वैनगंगेच्या पलीकडच्या काठाला, मार्कंड्याच्या देवळांपासून थोडं खाली. पुसाचे, ऐन थंडीचे दिवस होते. घाटावर पोचले तर डोंगा मिळेना. सगळे डोंगे नदीच्या मधोमध एका डोहाभोवती गोळा झालेले, आणि माणसं पाण्यात उड्या घेत होती, वर येत होती, पुन्हा बुडी मारत होती. इतक्या थंडीत कसली मासेमारी चालली आहे, असं मनात आलं.

वाळूत एक बाई बसली होती. हाडापेरानं मोठी, काळी, पन्नाशीच्या आसपासची. तिच्यापुढे निखारे पसरलेले आणि निखाऱ्यांवर पळसाच्या पानांत दाबून ठेवलेल्या जाड भाकरी. वरून पुन्हा निखारे. पान करपल्याचा आणि मका भाजल्याचा वास एकदम पोटात शिरला. मी सरळ जाऊन बसले आणि म्हटलं, "बाई, एक देता का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. काडीनं एक भाकर बाहेर ओढली, जळकं पान सोललं आणि दुसऱ्या हिरव्या पानावर ठेवून पुढे केली. दोन बोटं जाडीची, वरून कडक, पानाच्या शिरा तिच्यावर उमटलेल्या. आत मऊ, गोडसर, धुराच्या चवीची. नुसतं मीठ होतं त्यात, पण मी पुऱ्या गावाची मेजवानी असल्यासारखी खाल्ली आणि म्हटलं, "अजून एक द्या."

"एकच खाय बाई. हे पाण्यातल्या मानसाईचं हाये."

"काय पकडताहेत ते?"

"मासे नाई पकडून राह्यले," ती म्हणाली. "मानूस पाहून राह्यले."

बांबूचे तराफे नदीतून खाली नेणारा कुणी मजूर आदल्या संध्याकाळी डोहात गेला होता. त्याचा भाऊ थोडा पलीकडे वाळूत गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मी त्याच्याकडे आतापर्यंत पाहिलंच नव्हतं. शेवटचा घास माझ्या तोंडात होता. मी तो चावला आणि गिळला. टाकून देऊन त्या माणसाला काही मिळणार नव्हतं.

"थुकली नाई तू," पैकाबाई म्हणाली. "बरं केलं."

मजूर तिसऱ्या प्रहरी सापडला. मग मला डोंगा मिळाला.

माझी राहायची खोली पाटलांच्या वाड्यालगत होती. पाटलीणबाई स्वभावानं चांगली, पण मी भाकर खाल्ल्याचं सांगताच ती दोन पावलं मागे सरली. "अगा माय! थे खाल्ली तुमी? आधी आंघोळ करा, मंग घरात या." अंगणातच माझ्या डोक्यावर घागर ओतली गेली. पुसाच्या थंडीत. मग कांबळ्यात बसवून तिनं मला सगळं सांगितलं.

त्या काठावरच्या धीवरांची, म्हणजे मासेमारांची, रीत अशी होती. बुडालेल्याच्या शोधाला जो पाण्यात उतरला, तो घरी जाऊन जेवला की त्याचा शोध संपला. घरात पाऊल ठेवण्याआधी अंघोळ करायची, आणि अंघोळ झाली की त्या दिवशी पुन्हा त्या पाण्यात उतरायचं नाही. घरून काठावर जेवण न्यावं तर तेही जमत नसे. शोधावर नेलेलं भांडं परत घरात येत नाही, तिथंच फोडायचं किंवा नदीत सोडायचं. ज्याच्या घरी भात शिजवायला एकच गंज आहे, तो तो गंज नदीत कसा सोडणार? त्यामुळे सकाळी उतरलेली माणसं ऊन डोक्यावर आलं की घरी जात, आणि बुडालेला माणूस तसाच राही.

पैकाबाईनं त्यातून वाट काढली होती. पानातल्या भाकरीला भांडं लागत नाही. पीठ वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात न्यायचं, वेलीचं फळ ते, त्याला कुणी भांडं धरत नाही, सपाट दगडावर मळायचं, पाणी द्रोणातून घ्यायचं, पानात थापायचं, निखाऱ्यात भाजायचं, पानावर वाढायचं. शेवटी पानं आणि राख नदीकाठी राहतात. रीत मोडत नाही आणि माणसं दिवसभर पाण्यात राहतात. मक्याचं असल्यामुळे ते पोटात टिकतं. मका एरवी फुटतो, थापला जात नाही, म्हणून त्यात ती मूठभर शिळा भात कुस्करी. ही तिची खरी युक्ती.

"मग तिला सगळे मान देत असतील," मी म्हटलं.

"मान कायचा? तिच्या हातचं कोणी घरात खात नाई," पाटलीणबाई म्हणाली. "तिच्या हाताले नदीची ओढ हाये."

कुणी खात नसे हे मात्र खरं होतं. पैकाबाईकडून लोक मासे घेत, पण लग्नाकार्यात तिला पंगतीत वाढू देत नसत. कुणाच्या लेकराला तिनं भाजलेलं कणीस दिलं तर आई ते काढून घेई. मी एकदा तिला विचारलं, वाईट वाटत नाही का? ती म्हणाली, "काऊन वाटन? माह्या बाडीतले भुट्टे कोनी चोरत नाई, हे काई कमी हाये का?"

तिच्या घरामागच्या बाडीत मका असे. पिकलेली कणसं सालासकट वेणी घालून चुलीवरच्या आढ्याला टांगलेली, धुरानं काळी पडलेली. दळलेलं पीठ त्या तुंब्यात सदा भरलेलं. ते संपत आलं की ती रातोरात नवं दळून ठेवी. "मानूस सांगून बुडते का? मंग येळेवर दळत बसू का मी?"

तिनं हे कशासाठी सुरू केलं ते तिनं मला सांगितलं तेव्हा मी तिच्या भाजलेल्या बोटांना मलम लावत होते. निखाऱ्यांत सतत हात घातल्यानं तिची बोटं कातडी नसल्यासारखी लाल असत. ती दुसरीकडे पाहत बोलत होती, दुसऱ्या कुणाचं सांगत असल्यासारखी.

"डोमा पोटात होता. त्याचा बाप जाळं टाकाले गेला अन् आला नाई. सारे उतरले. जीव लावून पाहून राह्यले होते, कोनाले नावं नाई ठेवत मी. ऊन वर आलं, भूक लागली. घरी गेले, जेवले. आंघोळ झाली तं मंग कोन उतरते? दुसऱ्या दिवशी पानी चढलं. सरलं."

"पुन्हा पाहिलं नाही कुणी?"

"कायले पाहातीन? चढल्या पान्यात आपलाबी जीव द्याचा का?" मग म्हणाली, "दोस कोनाचा नाई. पोटाचा हाये. म्हून म्या पोटाले धरलं."

नवऱ्याची चिता तिला मिळाली नाही. बांगड्या कधी फोडायच्या हेच कुणाला ठरवता येईना. शेवटी डोमा जन्मल्यावर तिनं स्वतःच दगडावर फोडल्या. तेव्हापासून त्या पट्ट्यात कुणीही बुडालं, ओळखीचं असो की परमुलखातलं, धीवर असो की गोंड की व्यापारी, पैकाबाई तुंबा घेऊन घाटावर हजर असे. ती भाकर तिनं स्वतः कधी तोंडात घातलेली नव्हती.

देवाधर्माचं तिला फारसं नव्हतं. शिवरात्रीला सगळं गाव मार्कंड्याला जाई, तीही जाई, पण देवळात न शिरता पाण्याकडे तोंड करून बसे. "आत जा की," मी म्हटलं. "याच देवानं मार्कंडेयाला यमाच्या हातून सोडवलं म्हणतात."

"हाव. एका पोट्ट्याले सोडोलं. थेबी किती जुनी गोष्ट!" ती म्हणाली. "बाकीच्याईचं कोन पाहीन?"

माझं आणि तिचं जमलं. मला तिची कीव करावीशी वाटली नाही आणि तिला माझी. मी विधवा, मूल नाही, मागे घर नाही. बाळंतिणीच्या रक्तात हात घालणारी बाई सदा विटाळातच, तेव्हा मला पैकाबाईच्या हातचं खायला कुणाची बंदी असणार? ती भाकर मला खरंच आवडली होती. मी दर भेटीत मागे, आणि ती दर भेटीत "नाई" म्हणे. घरी ती साधी तव्यावरची भाकर करी. पानातली फक्त काठावरची.

शेवटी एका भादव्यात तीच माझ्या अंगणात आली. पदरात कोवळी कणसं, वाळलेली मोहफुलं आणि हिरव्या मिरच्या. "तुह्या अंगनात करतो. तुही चूल, तुले कोनाचं भय?" कोवळे दाणे विळ्यावर खरवडले, त्यात थोडं पीठ, कुटलेली मोहफुलं, मिरची. पळसाची पानं तिनं ओल्या हातानं एकेक पुसली. मला शिकवायला बसली. मी घाई करी. निखारे नीट पडण्याआधी भाकर घाली आणि शिजण्याआधी काढी. माझी पहिली भाकर मोडली तर आतून ओली निघाली.

"कच्ची," ती म्हणाली. "तुले सारं लवकर पाह्यजे. हे का बाळंतपन हाये, लवकर निंघ म्हनाले?"

तिचा डोमा सुनेला घेऊन आला होता. चोविशीचा, आईसारखाच मोठ्या हाडाचा, घाटावरचा सगळ्यात चांगला बुडी मारणारा. सुनेचं नाव अनसूया. डोमानं वाळलेल्या झिंग्यांच्या चटणीबरोबर भाकरी खाल्ल्या, मोहाच्या तर मोजल्याच नाहीत. माझी कच्ची भाकरही त्यानं सोडली नाही. "माय, नरसबाईले शिकवू नोको. सरकार दवाखाना बंद करीन अन् हाटेल टाकीन!" अनसूया पदर तोंडावर धरून हसत होती. पैकाबाई हसली की तिचे खालचे दात दिसत. ते मी त्या दिवशी पाहिले. तिनंही एक भाकर खाल्ली का? नाही. चटणी चाटून भातच खाल्ला.

गावात त्यावर कुजबुज झाली. मयत नसताना पानातली भाकर भाजली, हौसेनं भाजली, हे पाटलीणबाईला बिलकुल रुचलं नव्हतं.

पुढच्या वर्षी आश्विनात डोमा गेला. तोवर आमचं राज्य बदललं होतं. मध्यप्रदेशाचे आम्ही मुंबईचे झालो होतो. दवाखान्याची पाटी नवी आली, औषधं तीच होती. पाऊस सरला होता पण नदी अजून भरलेली. रात्री लावलेलं जाळं खडकात अडकलं म्हणून तो भल्या पहाटे एकटा सोडवायला गेला. डोंगा उलटा वाहत खालच्या वळणावर लागला, तेव्हा गावाला कळलं.

लोक पुढे म्हणाले, हौसेची भाकर नदीनं ऐकली. नदीला कान नसतात. जाळ्याचा दोर त्याच्या मनगटाला वेढलेला होता, हे नंतर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसरं काही कारण शोधायची मला गरज वाटली नाही.

मी एक बाळंतपण उरकून घाटावर पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. सगळे धीवर पाण्यात होते. पैकाबाई वाळूत बसली होती, तिच्या मागे अनसूया. ज्याचं माणूस पाण्यात आहे त्या घरच्यांनी विस्तव शिवायचा नाही, ही रीत. तरी पैकाबाई तुंबा सोबत घेऊन आली होती. तो तिच्या बाजूला वाळूत उभा होता, भरलेला. काठावर गावातल्या पुष्कळ बाया होत्या. एकीनंही त्या तुंब्याला हात लावला नव्हता. ज्या घरची बाई ही भाकर भाजेल त्या घरचं माणूस नदी मागेल, असं सगळ्यांच्या मनात होतं, आणि प्रत्येकीच्या घरी माणसं होती.

बारकूभाऊ पाण्यातून बाहेर आला. शोधाचा म्होरक्या तो. डोमाच्या बापाच्या वेळी तो कोवळा पोरगा होता. दातावर दात वाजत होते. तो पैकाबाईसमोर उभा राहिला पण तिच्याकडे पाहीना. "वहिनी, पोट्टे थकले. पोटात काई नाई. घडीभर घरी..."

पैकाबाईनं वाळूत हात रोवले, कुणी तिला ओढून नेत असल्यासारखे. पहिल्यांदाच मी तिला घाबरलेली पाहिलं. घरी गेलेली माणसं परत येत नाहीत, हे तिच्याइतकं त्या घाटावर कुणाला ठाऊक होतं?

मी तुंबा उचलला. "बारकूभाऊ, घरी कुणी जायचं नाही. लाकडं आणा."

"बाई, तुमी..."

"माझ्या घरी नदीनं नेण्यासारखं कुणी नाही. लाकडं आणा."

पाटलीणबाईनं मागून मला हाक मारली, पण थोड्या वेळानं तिचाच गडी शिळ्या भाताचा पुडा पानात बांधून ठेवून गेला. तिचं तेवढं मी कधी विसरले नाही.

मी मळायला बसले. पीठ फुटत होतं. मागून आवाज आला, कोरडा, नेहमीसारखा.

"पानी नोको घालू. भात कुस्कर."

मी भात कुस्करला.

"पान उलटं धरलं तू. गुळगुळीत अंग आत."

मी पान फिरवलं. ती जागची हलली नाही, विस्तवाकडे बोटही केलं नाही. तोंड नदीकडेच होतं. वासावरून आणि आवाजावरून ती सगळं सांगत होती. "करपून राह्यली बाई. उलटव." "निखारे वरून घाल, वरून." मधेच थांबे, पाण्यातून डोकं वर आलं की बघे, आणि रिकामे हात दिसले की पुन्हा म्हणे, "दुसरी टाक."

भाकरी कच्च्याच होत्या. पहिला घाणा तर मी सरळ घाईघाईनं काढला. माणसं वाळूत ओळीनं बसली, त्यांनी ओल्या हातांनी भाकरी खाल्ल्या आणि ती पुन्हा उतरली. अंधार पडेतो ती पाण्यात होती. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासूनच बसले. दुपारी माणसं जेवली, उतरली, आणि थोड्याच वेळात बारकूभाऊ खडकाच्या खालच्या अंगाला वर आला आणि त्यानं हात हलवला नाही, ओरडला नाही. नुसता तिथं पाण्यात उभा राहिला. तेव्हा पैकाबाई उठली.

तिला मुलगा मिळाला. त्याच वाळूत लाकडं रचली. बारकूभाऊनं अग्नी दिला. डोमाच्या मनगटातला दोर तिनं स्वतः सोडवला होता. कापू दिला नाही, गाठ सोडवली. चिता चांगली पेटल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. दोन दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. पानावर एक भाकर उरली होती, गार झालेली. तिनं ती मोडली. अर्धी अनसूयेच्या हातात दिली, अर्धी स्वतः खाल्ली. सावकाश, शेवटपर्यंत. ती भाकर तिनं खाल्लेली मी पाहिली ती तेवढीच.

"कच्ची हाये," ती म्हणाली.

पुढे माझी बदली राजुऱ्याकडे झाली. काही काळानं बारकूभाऊ चांद्याच्या बाजारात भेटला, त्यानं सांगितलं की पैकाबाई तापानं गेली, घरात, खाटेवर. "कोरडी मेली," तो म्हणाला. नदीवर पोट असलेल्यांत ही मोठी गोष्ट. तिच्या मरणाचं मला याहून काही ठाऊक नाही.

मला ती दिसते ती डोमा गेल्यानंतरच्या कार्तिकातली. पलीकडच्या तीरावरची एक तरणी बाई कपडे धुताना पाय घसरून गेली. वर्दी आली तेव्हा मी धरूनच चालले होते की आता हे काम माझं. पैकाबाईचं जे पाण्यात होतं ते तिला मिळालं होतं. आता तिनं कशाला यायचं? मी लाकडं पेटवली, दगड धुतला. इतक्यात काठावरून ती येताना दिसली, बगलेत तुंबा. महिन्याभरात अंग निम्म्यावर आलं होतं. मागे अनसूया, हातात पानांची जुडी.

"सरक," ती म्हणाली.

"तू बस, मी करते."

"तू करशीन? तुह्या भाकरी खाऊन थे पोट्टे दोन दिवस पोट धरून निजले होते, ठाव हाये का तुले? सरक."

मी सरकले. अनसूया बसली आणि ओल्या हातानं पानं पुसू लागली. पैकाबाईनं पीठ दगडावर ओतलं. थोड्या अंतरावर बुडालेल्या बाईची आई बसली होती, आमच्यातल्या कुणाच्या ओळखीची नव्हती. ऊन चढत होतं. म्हातारी एकदा पाण्यातल्या माणसांकडे बघे, एकदा आभाळाकडे. तिच्या मनात काय होतं ते पैकाबाईला विचारावं लागलं नाही. तिनं मळता मळता मान वर केली आणि हाक दिली,

"बस माय, बस. आज कोनी जेवाले घरी जात नाई."